रात्रपाळीची झोप आणि १९०९

१/ सकाळचे साडेनऊ. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी उरकून आलेला कामगार भोसरीतल्या आपल्या खोलीत नुकताच आडवा झालेला असतो. उशाशी ठेवलेला मोबाईल वाजतो. पलीकडे त्याचीच मोबाईल कंपनी असते: नवा प्लॅन, जास्त डेटा, महिनाभर कॉलर ट्यून. फोन बंद करून झोपावे, तर गावाकडचा निरोप चुकतो किंवा ठेकेदाराने पाळी बदलल्याचे कळत नाही. या दोन मिनिटांच्या त्रासामागचा इतिहास समजून घ्यायचा, तर १८९० सालापर्यंत मागे जावे लागते.

२/ नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांचे मूळ गाव कन्हेरसर. ते खेड तालुक्यात येते, आणि चाकणही त्याच तालुक्यात आहे. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. कामगाराचा काही वेळ मालकाचा नसून त्याचा स्वतःचा असतो, हे तत्त्व त्या दिवशी प्रस्थापित झाले.

३/ मात्र कारखाने चोवीस तास चालू लागले तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. रात्रभर राबणाऱ्याची सुट्टी कधी सुरू होते? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ५७ मध्ये याचे उत्तर दिले. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर त्या कामगाराची पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. त्याचा ‘दुसरा दिवस’ही तेथूनच मोजायचा. कायद्याने कॅलेंडर बाजूला ठेवले आणि माणसाचे घड्याळ ग्राह्य धरले.

४/ पिंपरी-चिंचवड याच घड्याळावर वाढले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरीचा परिसर कारखान्यांनी भरू लागला. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योग चाकणकडे सरकला. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. इथे पहाटे झोपायला जाणारी माणसे ही अपवादाची गोष्ट उरली नाही.

५/ या माणसांना पूर्वी फोनवरून माल विकणे शक्यच नव्हते, कारण त्यांच्याजवळ फोन नव्हता. पिंपरीचा एसटीडी क्रमांक ०२०, चाकणचा ०२१३५. गावाकडे बोलायचे असेल तर पीसीओच्या पिवळ्या फलकाखाली रांग लावायची. फोन करणे हे कामगाराचे काम होते. त्याला फोन येणे ही दुर्मीळ घटना होती.

६/ ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल संवाद झाला. तेव्हा फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. १ मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले आणि मोबाईल सामान्य माणसाच्या खिशात पोहोचला. गिऱ्हाईक स्वस्तात गाठणे विक्रेत्यालाही त्यामुळेच साधले.

७/ यात मोबाईल कंपनीचे स्थान वेगळे होते. बँकेला ग्राहकाचा नंबर मिळवावा लागे, तर मोबाईल कंपनीने तो स्वतःच दिलेला होता. प्रीपेड शिल्लकही तिच्याच हाती. नकळत सुरू झालेल्या सेवांचे पैसे कापले जाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१३ मध्ये अशा सेवेसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती बंधनकारक केली. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक ठरला.

८/ विक्रीच्या फोनांवरचा पहिला मोठा नियम २००७ चा. फोन नको असणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि १९०९ हा क्रमांक मिळाला. पण ‘नको’ म्हणण्याचे ओझे ग्राहकावरच राहिले. ज्याने नोंदणी केली नाही, त्याचे मौन संमती ठरले.

९/ ऑगस्ट २०१० मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनाच, बैठक चालू असताना, गृहकर्जाचा फोन आल्याची बातमी गाजली. त्याच वर्षी १ डिसेंबरला ट्रायने नवे नियम काढले, ते सप्टेंबर २०११ मध्ये पूर्णतः लागू झाले. सात वर्गांतून निवड किंवा संपूर्ण बंदी असे पर्याय आले. टेलिमार्केटरांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरले.

१०/ याच नियमांत आणखी एक तरतूद होती: रात्री ९ ते सकाळी ९ विक्रीचे फोन नकोत. हेतू चांगला होता, पण गृहीतक फसवे होते. प्रत्येक जण रात्री झोपतो, असे त्यात मानले होते. संपूर्ण बंदी न निवडलेल्या रात्रपाळीवाल्यासाठी फोनांची मुभा नेमकी त्याच्या मध्यरात्री सुरू होत होती. १९४८ च्या कायद्याला जे दिसले होते, ते २०१० च्या नियमाला दिसले नाही.

११/ दुसरी अडचण तक्रारीची. १९०९ वर केलेली तक्रार ग्राहकाच्या स्वतःच्याच मोबाईल कंपनीकडे जाते. फोन तिनेच केला असेल, तर विक्रेती आणि तक्रार घेणारी एकच. शिवाय अनेक विक्रेते १४० सोडून साध्या दहा अंकी क्रमांकांवरून फोन करू लागले.

१२/ १९ जुलै २०१८ च्या नियमांनी चूक काहीशी सुधारली. कोणते फोन हवेत याबरोबरच कोणत्या वेळी आणि कोणत्या दिवशी हवेत, हे ठरवण्याची तरतूद आली. दिवसाचे वेळपट्टे पाडले गेले. सकाळी १० ते दुपारी २ ही आपली रात्र आहे, असे सांगण्याची सोय कामगाराला प्रथमच मिळाली.

१३/ ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश निघाले. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस केली. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी पसंती नोंदवलेली असण्याची अटही गेली. तक्रारींचे चुकीचे आकडे देणाऱ्या कंपन्यांना २ लाखांपासून १० लाखांपर्यंत दंड ठरला. ओझे हळूहळू ग्राहकाच्या खांद्यावरून कंपनीकडे सरकते आहे.

१४/ लोखंड्यांनी आठवड्यातला एक दिवस मागितला होता. रात्रपाळीच्या कामगाराला हवी आहे रोजची काही तासांची सलग झोप. मागण्या वेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे: माणसाच्या विसाव्याची वेळ कोणी ठरवायची? तक्रार करण्यासाठी फोनची तारीख आणि क्रमांक टिपून सात दिवसांच्या आत १९०९ वर कळवावे लागते. झोपमोड झालेल्याला हे काम जड वाटते, पण नियम बदलले ते अशाच साचलेल्या तक्रारींमुळे.