वाजवी भाडे आणि प्रमाण भाडे

भाड्याने दिलेली इमारत विकत घेणारा मनुष्य वस्तुतः तिच्यापासून येणारे भाडे विकत घेत असतो. साहजिकच त्या भाड्याचा अंदाज कोणत्या मापाने करावयाचा, हा प्रश्न खरेदीपूर्वीच उद्भवतो. मुंबई शहरातील या मापाचा इतिहास दोन शब्दांत सामावलेला आहे.

पहिला शब्द ‘वाजवी’. अरबी ‘वाजिब’पासून आलेल्या या शब्दात औचित्याचा विचार अभिप्रेत आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने करआकारणीसाठी हाच विचार स्वीकारला. इमारत सालोसाल भाड्याने दिल्यास जे वार्षिक भाडे वाजवीपणे अपेक्षिता येईल ते धरावे व दुरुस्ती इत्यादींसाठी त्यातून शेकडा १० वजा करावे, असा तो नियम होता. निव्वळ भाड्यावरून किंमत काढणाऱ्या खरेदीदाराची रीतही याहून फारशी निराळी नव्हती.

दुसरा शब्द ‘प्रमाण’. महायुद्धांच्या काळात जागेची टंचाई झाली आणि अंदाजाची जागा तारखेने घेतली. १९१८ च्या कायद्याने १ जानेवारी १९१६ चे, तर १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे सामान्यतः प्रमाण मानले. या संरक्षणामुळे असंख्य कुटुंबांना शहरात टिकून राहता आले, हे निर्विवाद होय. तथापि, पुढे महागाई वाढत गेली व भाडे मात्र गोठून राहिले. भाडेपावतीवरून काढलेली किंमत आणि जागेची खरी किंमत यांत अंतर पडले. ते अंतर पागडीने भरून निघू लागले. वस्तुतः त्याच १९४७ च्या कायद्याने मालकाने अशी रक्कम घेणे हा अपराध ठरविला होता. दुरुस्तीस भाडे अपुरे पडू लागले आणि १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने दरसाल शेकडा ४ वाढीस अनुमती दिली व पागडीसही मान्यता दिली.

संस्कृतात ‘प्रमाण’ या शब्दाचे ‘माप’ व ‘आधार’ असे दोन्ही अर्थ आहेत. मुंबईच्या भाडेकायद्यात पहिला अर्थ लोपला आणि दुसरा तेवढा उरला. म्हणूनच जुनी चाळ घेणाऱ्यास इमारतीच्या मापाआधी भाडेकरारांच्या तारखा पाहाव्या लागल्या.