छापखाना खिशात आला, मालकी कोणाची?

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने जाहिरात छापली नाही, हेही दर जानेवारीत भाषणांतून ऐकायला मिळते. राहून जातो तो हिशेबाचा भाग. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये पैशाअभावी थांबले. बाबासाहेब एकटेच रकानेच्या रकाने लिहून काढत होते, पण कागदाचे आणि छपाईचे पैसे लेखणीतून येत नाहीत. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा लेख लिहून त्यांना पत्राची ओढाताण वाचकांपुढे मांडावी लागली. स्वतःचा छापखाना हवा, हा आग्रह या अनुभवातून आला. मुंबईचा भारत भूषण छापखाना, म्हणजेच पुढचा बुद्ध भूषण, त्यातून उभा राहिला. जून २०१६ मध्ये दादरच्या आंबेडकर भवनाबरोबर तो पाडला गेला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, ते नुसत्या विटांसाठी नव्हे.

आज ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे त्याच्याकडे छापखाना आहे, कॅमेरा आहे आणि वितरणाची गाडीही आहे. आम्हीही याच यंत्रावर हे संकेतस्थळ चालवतो. पण हा छापखाना भाड्याचा आहे. भाडे कसे घेतले जाते आणि घरमालक घर केव्हा रिकामे करायला सांगू शकतो, याची माहिती चळवळीतल्या तरुणांना फार कमी असते. म्हणून हा लेख.

खैरलांजी ते २ एप्रिल

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना त्या घटनेचे खरे स्वरूप मांडायला कित्येक आठवडे लागले. सत्यशोधन अहवाल, छायाचित्रे, पत्रके कार्यकर्त्यांनी ईमेलने आणि हातोहात फिरवली, मोर्चे निघाले आणि मग कॅमेरे आले. त्या वेळी मोबाइल होता, पण त्यावर इंटरनेट परवडत नव्हते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. पुढच्या दीड वर्षात काय बदलले ते २ एप्रिल २०१८ रोजी दिसले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च रोजी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला होता. त्याविरुद्ध भारत बंदची हाक मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरून पसरली. कोणत्याही मोठ्या पक्षाने तो बंद पुकारला नव्हता. दिल्लीच्या वाहिन्यांना त्याचा अंदाज आला तो लोक रस्त्यावर आल्यावरच. त्या दिवशी उत्तर भारतात अनेकांचे जीव गेले आणि काही ठिकाणी इंटरनेट बंद केले गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला.

वाहिन्यांना अंदाज का आला नाही, याचे उत्तर संपादकांच्या खुर्च्यांत आहे. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. त्यांत एकही दलित वा आदिवासी सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या पाहणीत वृत्तसंस्थांच्या १२१ वरच्या पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते आणि अनुसूचित जाती-जमातींचा आकडा पुन्हा शून्य. मधल्या १३ वर्षांत देशात मोबाइल घरोघरी पोहोचला, खुर्च्या मात्र जागच्या जागी राहिल्या. म्हणून आपल्या तरुणांनी चॅनल काढले, पेज काढले. ‘द मूकनायक’ हे नाव घेऊन मीना कोटवाल यांनी २०२१ मध्ये जे माध्यम सुरू केले तेही याच गरजेतून.

पैसा कुठून येतो

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी वृत्तपत्राच्या धंद्याची तुलना साबणाच्या कारखान्याशी केली होती. आजच्या कारखान्यात साबण म्हणजे वाचकाचे लक्ष, आणि ते जाहिरातदाराला विकले जाते.

यूट्यूबचे उदाहरण घेऊ. जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी चॅनलला १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलला मिळतात, शॉर्ट्सचे ४५ टक्के. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते पिवळे चिन्ह. हिंसा, अत्याचार, वादग्रस्त विषय असला की व्हिडिओ जाहिरातींना ‘पूर्णपणे योग्य नाही’ असे ठरते, डॉलरची खूण पिवळी होते आणि कमाई आटते. म्हणजे बहिष्काराची बातमी करायला तीन गाड्या बदलून गावात जायचे, रात्र जागून संकलन करायचे, आणि मिळकत जवळपास शून्य. त्याच चॅनलवर गाण्याचा जलसा टाकला तर पैसे येतात. आपली कित्येक चांगली चॅनल हळूहळू गाण्यांची आणि मग भांडणांची का झाली, याचे कारण त्यांच्या मालकांच्या स्वभावात कमी आणि या गणितात जास्त आहे, असे आमचे मत आहे. शिव्या देणाऱ्या व्हिडिओला वेळ मिळतो, वेळेला पैसा मिळतो.

जलशातही फटका बसतोच. एका १४ एप्रिलला आम्ही मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण केले. मागे डीजेवर भीमगीत वाजत होते. दुसऱ्या दिवशी एका ध्वनिमुद्रण कंपनीचा हक्काचा दावा आला आणि त्या व्हिडिओची सगळी कमाई तिकडे वळली. गाणे बाबासाहेबांचे, गायक आपल्याच वस्तीतला, हक्क मात्र कंपनीचा! तेव्हापासून मिरवणुकीत आम्ही बोलणाऱ्या माणसाच्या कॉलरला माइक लावतो आणि डीजेपासून लांब उभे राहतो.

मग उपाय? वर्गणी. ऐकायला जुने वाटते, पण ज्यांचे काम टिकले त्यांच्याकडे पाहा. उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये २००२ मध्ये दलित आणि ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ हे बुंदेली पत्र सुरू केले. पुढे त्यांनी छपाई सोडली आणि मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करायला त्या शिकल्या. त्या संक्रमणावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. फोन हातात येण्याआधी त्यांच्या गाठीशी वार्तांकनाची आणि पत्र चालवण्याची अनेक वर्षांची घडण होती, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे उलट क्रम दिसतो. आधी माइकवर चॅनलचे नाव, मग बातमी कशी लिहितात याचा शोध. ज्या विहारात १०० घरे आहेत तिथे घरटी महिन्याला २० रुपये जमले तर २,००० होतात. तेवढ्यात एका वार्ताहराचा प्रवास आणि रिचार्ज भागतो. आपण जयंतीच्या डीजेला किती देतो, ते इथे लिहीत नाही.

परक्याच्या जागेवरचे घर

ऑर्कुटवर एकेकाळी जयभीमवाल्या तरुणांच्या कम्युनिट्या गजबजलेल्या होत्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले आणि त्या चर्चाही गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टला प्राधान्य द्यायचे ठरवले आणि वृत्तसंस्थांच्या पेजची पोहोच घटली, ज्यांनी लाइक मिळवण्यासाठी पैसे मोजले होते त्यांचीही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या ज्या पोरांनी तिथे लाखोंचा प्रेक्षक मिळवला होता त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. तिन्ही वेळा निर्णय वेगवेगळ्या कारणांनी झाले. एका गोष्टीत फरक नव्हता: ज्याचा मजकूर होता त्याला कोणी विचारले नाही.

बाहेरच्या घरमालकाबरोबर घरातली भाऊबंदकीही आहे. संघटनेचे पेज एकाच कार्यकर्त्याच्या फोन नंबरवर, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. निवडणूक आली, तो दुसऱ्या गटात गेला आणि पेजही त्याच्याबरोबर गेले! असे पेज परत मिळवायला आमच्याकडे मदत मागणारे वर्षातून दोन-तीन तरी येतात. पेजला किमान तीन अ‍ॅडमिन हवेत, प्रत्येकाला दुहेरी पडताळणी हवी, आणि नोंदणी संघटनेच्या ईमेलवर हवी. ठरावाच्या वहीत तसे लिहूनही ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच निरोप जातो. २०२३ मध्ये आलेल्या चॅनलला संख्येची मर्यादा नाही, पण सदस्यांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत. उद्या चॅनल गेले तर कोणाला कळवणार? म्हणून वर्गणीदारांची यादी आपल्या वहीत, आपल्या संगणकावर हवी, त्यांच्या संमतीने. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला हजार-बाराशेच्या आसपास मिळते. व्हिडिओ यूट्यूबवर जरूर टाका, पण मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. लेखाची प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’वरही फुकट जतन करता येते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर नेटवर्क कसे बसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे थेट प्रक्षेपणाच्या मागे लागण्यापेक्षा आधी फोनवर नीट चित्रण करून घ्या.

पुढे ढकलण्याआधी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. मेलेले भिक्षा मागून पोट भरणारे भटके होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेचा बळी बहुतेक वेळा आपल्यासारखाच कोणीतरी दुबळा असतो, म्हणून जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरवणे हा प्रकार ‘आपल्या बाजूचा’ असला तरी आम्ही छापत नाही. गावातल्या दोन माणसांशी फोनवर बोलणे आणि एफआयआरची प्रत पाहणे, एवढे झाल्याशिवाय अत्याचाराची बातमी इथे लागत नाही. त्यामुळे आम्ही कधी कधी एक दिवस मागे पडतो.

बलात्कार पीडितेचे नाव, फोटो, घर दाखवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. संतापाच्या भरात आपलेच कार्यकर्ते डीपीला तिचा फोटो लावतात. कलम त्यांनाही लागते.

ऑनलाइन जातिवाचक शिवीगाळीबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला ‘सार्वजनिक दृष्टिपथात’ झालेला अपमान लागतो. इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ त्यात बसतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका यूट्यूबरच्या जामीन प्रकरणात म्हटले. समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर हाही याच कायद्याच्या कलम ३(१)(व्ही) मध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. बौद्धांना हे संरक्षण आहे का, असा प्रश्न अजूनही ठाण्यात ऐकावा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींच्या आदेशात आले आहेत. जातीचा दाखला जवळ असू द्या.

मात्र स्क्रीनशॉट काढला म्हणजे पुरावा झाला, असे नाही. याबाबतचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीचा आहे. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचे होते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चित्रणाची प्रत दिली तर प्रमाणपत्र लागेल, आणि चित्रण ज्या यंत्रात झाले ते मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर ते लागणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये कणभर बदल झाला की ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे ठसा मोडलाच. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि वकिलाला मूळ फाइल द्या. ज्या फोनवर चित्रण झाले तो फोन खटला संपेपर्यंत विकू नका, फॉरमॅट करू नका, धाकट्या भावालाही देऊ नका.

गेल्या वर्षी एका गावातून आमच्याकडे मारहाणीचा व्हिडिओ आला. आम्ही लावला, खूप पाहिला गेला. तीन महिन्यांनी वकिलांनी मूळ फोन मागितला, तेव्हा चित्रण करणाऱ्या मुलाने तो बदलीत देऊन नवा घेतला होता. आमच्याकडे होती ती दहाव्या हातातून आलेली, अंधुक झालेली प्रत. आता कोणी व्हिडिओ पाठवला की आम्ही आधी फोन कोणाचा, हे विचारतो. बातमीचे नंतर.