आधी शब्द की आधी पैसा?

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावड्याला पोचतो आणि तिथून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरतो. 'आज्ञापत्र' लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची ही जहागीर. कोल्हापूर संस्थानच्या मांडलिक जहागिरींत बावड्याचे नाव विशाळगड, कागल, इचलकरंजीच्या पंगतीत येई. घराण्याचा मान मोठा, मुलूख मात्र डोंगराचा आणि पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा भागातल्या हुशार पोराला इंग्रजी चार इयत्ता शिकायच्या, पुढे राजाराम कॉलेजात जायचे, तर कोल्हापूर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न फीचा नसे. राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे, हा असे. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याची घरे ठरत. कुणब्याच्या, जैनाच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाला अशी दारे उघडी नव्हती. नाव शाळेत घातले आणि आठवड्याभरात गावी परतावे लागले, तर घरच्यांनी केलेली सगळी जुळवाजुळव वाया जाई. शिक्षणासाठी मिळणाऱ्या मदतीचा इतिहास पाहताना रकमेइतकाच क्रमही पाहावा लागतो तो यामुळे. आधी विद्यार्थ्याने शब्द द्यायचा आणि मग मदत किती ते कळायचे, की आधी मदत पक्की व्हायची आणि मग त्याने पाऊल टाकायचे?

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी हा क्रम ओळखला होता. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवण्याचा आरंभीचा प्रयोग फसला, कारण बहुजन मुलांना त्यात शिरकावच मिळेना. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या शेवटच्या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव दिले होते. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना हातभार लावला, अनुदाने बांधून दिली. पोराला आधी छप्पर आणि ताट मिळे. शाळेतली हजेरी त्यानंतर सुरू होई. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, तेव्हा बंधन पालकावर आले. मुलाला शाळेत न धाडल्यास महिन्याला एक रुपया दंड. इथेही सक्तीच्या आधी फी माफ झालेली होती.

फुकटच्या छपरालाही अटी असतातच. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असे सांगितल्यावर त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. जातवार वसतिगृहांनी शेकडो मुलांना शहरात टिकवून धरले, पण ती मदत जातीचे नियम पाळण्याशी बांधलेली होती. पुढे भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांच्या संस्थेतली अट वेगळी होती: शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम करायचे. तिची भरपाई रोजच्या रोज होई. पाच-दहा वर्षांनंतरचे कर्ज मुलाच्या डोक्यावर राहत नसे.

दूरच्या शिक्षणाला मात्र अशी रोकठोक देवघेव पुरी पडत नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असे त्यात होते. बंधन कडक होते, पण करारात धूसर काही नव्हते. किती पैसे, किती वर्षे आणि त्या बदल्यात काय, हे तिन्ही एकाच कागदावर होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा दरमहा हातात काय पडणार हे त्यांना ठाऊक होते.

कागदावर नव्हते ते एकच, म्हणजे राहण्याची जागा. कोलंबियानंतरचे लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले, तर परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले आणि काही दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. दहा वर्षांची नोकरी थोड्या दिवसांतच संपली. कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी जो प्रश्न सोडवायला घेतला होता, तोच बडोद्यात करारावर भारी पडला. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी कोणत्याही संस्थानची नोकरी बांधून घेतलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी सरकार आले. १९५९ मध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास, म्हणजे ईबीसी, विद्यार्थ्यांना फी माफी सुरू झाली. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना जात न विचारता शिक्षण मोफत झाले. ग्रामीण महाराष्ट्रातली पहिली पदवीधर पिढी मोठ्या प्रमाणात या सवलतीवर शिकली. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभे राहिले आणि पहिले कुलगुरू अप्पासाहेब पवार यांनी 'कमवा आणि शिका' योजनेला विद्यापीठात घर दिले. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या मुलांसाठी मुंबई-पुण्याचा खर्च टळला.

आज ईबीसी सवलतीला शाहू महाराजांचेच नाव आहे आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपयांवर गेली आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क सरकार भरते. २०२४ पासून ठरावीक गटांतल्या मुलींचे हे शुल्क पूर्ण माफ झाले. निर्वाहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता आहे. पण क्रम बदलला. सवलत हवी तर प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून घ्यावा लागतो आणि तिथे पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले, की तीच जागा पक्की होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गरज असेल तिथे जात पडताळणी, हे सारे जोडून सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज होतो तो प्रवेशानंतर. मंजुरी आणि रक्कम त्यानंतर येते. कॉलेजने तोवर थांबावे की फी आधी मागावी, यावरून दर वर्षी कुरबुरी होतात. पसंतीक्रम भरतानाच घरात हिशेब करावा लागतो: सवलत उशिरा आली तर पहिले सत्र कोणाच्या पैशावर निघेल? जिल्ह्याबाहेरच्या नावाजलेल्या कॉलेजला पहिला क्रमांक दिला आणि तेच लागले, तर मेस आणि खोलीभाडे झेपेल का?

अमेरिकेतल्या 'अर्ली डिसिजन'मध्ये हाच क्रम सर्वांत टोकाला जातो. या पद्धतीचा अर्ज विद्यार्थी एकाच कॉलेजला साधारण १ नोव्हेंबरपर्यंत करतो. प्रवेश मिळाल्यास तिथेच येईन आणि बाकीचे अर्ज मागे घेईन, अशी हमी विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक सहीनिशी देतात. निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि मदतीचा आकडा बहुधा त्याच सुमारास कळतो. दुसऱ्या कॉलेजने किती दिले असते, हे ताडून पाहायला तोवर दुसरा आकडाच नसतो. श्रीमंत घरांना याचा फायदा होतो, ही टीका जुनी आहे. २००६ मध्ये प्रिन्स्टनने हा मार्ग बंद करायचे जाहीर केले, हार्वर्डनेही आपला बंधनमुक्त लवकर-प्रवेश थांबवायचे ठरवले. दोघांनी २०११ मध्ये लवकर अर्जाची सोय परत आणली, पण बंधनाशिवाय. त्याच वर्षापासून तिथल्या कायद्याने कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणनयंत्र ठेवणे भाग पडले.

मराठी घरातून असा अर्ज करताना या गणनयंत्राचा उपयोग मर्यादित आहे. ते अमेरिकी पगारदाराचे उत्पन्न आणि कर गृहीत धरून बांधलेले असते. ऊस आणि भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे फॉर्म १६ नसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि कारखान्याचे बिल हप्त्याहप्त्याने येते. त्यामुळे मदतीसाठी भराव्या लागणाऱ्या सीएसएस प्रोफाइल अर्जात सातबारा, बिलाच्या पावत्या, बँकेची खाती आणि तहसीलदारांचा दाखला यांचा ताळमेळ आधीच लावून ठेवावा लागतो. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देणारी आणि त्याची पूर्ण गरज भागवणारी कॉलेजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच आहेत. त्यांतली पहिली चार बंधनकारक लवकर-प्रवेश देत नाहीत. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यताच घटू शकते.

महाराष्ट्र सरकारची शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतरच्या पदवीला नाही. त्यामुळे बारावीतून अर्ली डिसिजनला जाणाऱ्या मुलाला सारी भिस्त त्या एका कॉलेजवरच ठेवावी लागते. हमीतून सुटायची एक वाट राहते: कॉलेजने देऊ केलेली मदत अपुरी असल्याने प्रवेश परवडत नाही, असे कुटुंबाने दाखवले तर कॉलेज विद्यार्थ्याला मोकळा करते. मग जानेवारीच्या मुदतीत बाकीच्या कॉलेजांना अर्ज करता येतात, ते आधीपासून लिहून तयार ठेवलेले असतील तर.