समाजमाध्यमे : खासगीपण व मजकुराची पारख (आंबेनळी घाट)
पोलादपूर–महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. बसमधील सहकाऱ्यांचा हसरा समूहफोटो पाहता पाहता अनोळखी मोबाइलांवर पोहोचला. आपल्या माणसांसाठी काढलेले चित्र आपल्यापुरते उरत नाही. घरच्यांना कळण्याआधी मृतांची नावे पुढे धाडणे तर क्रूरच. त्याच महिन्यात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मोबाइलवर पसरलेल्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराधांचा जीव घेतला. म्हणून पावसाळ्यात घाटातल्या दरडीची चित्रफीत आली, की आधी तारीख आणि मूळ धाडणारा शोधावा. वळण, कठडा, गाड्यांच्या पाट्या निरखाव्यात. कित्येकदा दरड खरी, पण घाट दुसराच असतो. रस्ता बंद आहे का, हे पोलादपूर पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात विचारावे.