मृत्युपत्र व न्यास (बुलढाणा जिल्हा)
मरणोत्तर मालमत्ता-व्यवस्थेची कायदेशीर साधने. बुलढाणा जिल्ह्यात मृत्युपत्राचा विषय बहुधा शेतीभोवती फिरतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक, तरी भाऊबंदकीच्या वादात उपयोगी. जिल्ह्यातील जमिनीपुरत्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. सातबाऱ्यावर नाव चढण्यासाठी मात्र फेरफार हवा. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून हिंदू व्यक्तीला केवळ स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. सगळे शेत एकाच मुलाच्या नावे लिहून ठेवणाऱ्यांच्या हे अनेकदा ध्यानात येत नाही. खासगी न्यासाला १८८२ चा अधिनियम लागू होतो. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान हा सार्वजनिक न्यास. तो महाराजांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, स्थापन झाला.