मोठा गुरू कोणत्या मंडळीत जातो?

वर्गात खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ शिकवीत असताना मागच्या बाकांवरून ‘मँचेस्टर’ हा शब्द कानी यावा, ही आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना रुचणारी गोष्ट नव्हे. आमच्यापैकी एक जळगावी शिकवतो, दुसरा धुळ्यास. पण अनुभव दोन्हीकडे एकच. तास संपल्यावर चौकशी केली तेव्हा कळले की, एकाच गावातल्या दोन प्रतिस्पर्धी फुटबॉल संघांपैकी नामवंत मॅनेजर कोणाकडे जाईल आणि का, या प्रश्नावर मुलांचे रण माजले होते. एक पक्ष म्हणत होता, जिथे नाव मोठे तिथे. दुसरा म्हणत होता, जिथे पैसा मोठा तिथे. प्रथम आम्ही रागावलो. मग घरी परतताना एकाएकी जाणवले की मुले जे विचारीत होती तो प्रश्न मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी सोडवून पाहिला होता, आणि ज्या नाटकाच्या तासाला ती कुजबुजत होती ते नाटकच त्या उत्तराचा एक भाग होते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या नाटक मंडळ्यांतही ‘मॅनेजर’ असे. परंतु तो हिशेब, मुक्काम, थिएटरची बोलणी पाहणारा गृहस्थ. इंग्रजी फुटबॉलमधला मॅनेजर हा मुख्यतः तालीममास्तर असतो. कोणाला कोणती जागा द्यायची, खेळाची रीत कोणती ठेवायची, कोवळ्या पोराला कधी पुढे आणायचे, हे तो ठरवतो. आपल्याकडे हे काम दोघांत वाटलेले होते. नटांना वाक्ये, हालचाल आणि भाव बसवून देणारा नाटककार किंवा देवलांसारखा जाणता मास्तर हा एक, आणि गळा घडवणारा गायनाचा गुरू हा दुसरा. तेव्हा मुलांचा प्रश्न आपल्या भाषेत असा होतो : दोन मंडळ्या एकमेकींच्या तोडीस उभ्या असताना उत्तम मास्तर कोणाकडे ओढला जातो?

मुलांचे उदाहरण २०१६ सालचे होते. मँचेस्टर युनायटेडपाशी तेव्हा इतिहास होता. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी सव्वीस वर्षांहून अधिक काळ संघ सांभाळून तेरा वेळा लीग जिंकून दिली होती आणि २०१३ साली ते निवृत्त झाले होते. शेजारच्या मँचेस्टर सिटीपाशी पैसा होता, पण तसा वारसा नव्हता. पैसा मात्र युनायटेडपाशीही कमी नव्हता. त्या उन्हाळ्यात पेप ग्वार्डिओला सिटीकडे गेले आणि होजे मोरिन्यो युनायटेडकडे. मुले एक गोष्ट विसरत होती. ग्वार्डिओला यांच्या बार्सिलोनातल्या दिवसांशी निगडित असलेले फेरान सोरियानो आणि चिकी बेगिरिस्ताइन हे दोघे कारभारी सिटीने २०१२ सालीच आपल्याकडे आणले होते. गुरू येण्याच्या चार वर्षे आधी त्याचा पाट मांडून ठेवला होता. पुढे २०१७-१८ च्या हंगामात सिटीने शंभर गुण मिळवून लीग जिंकली आणि डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्यो यांना युनायटेड सोडावे लागले.

आता आपल्या घरी येऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. अण्णासाहेब १८८५ साली गेले. तरीही ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ टिकली. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, तरीही टिकली. ती टिकली याचे कारण ती केवळ मंडळी नव्हती, पाठशाळा होती. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण तिच्यात दाखल झाला. हा मुलगा आपल्याला परका नाही. बालपणी तो शिक्षणासाठी जळगावात नातलगांकडे राहिला होता आणि गाण्याचे पहिले पाठ त्याने येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावात आज त्याच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. त्याच्यासमोरून जाताना आमच्या विद्यार्थ्यांना हा धागा आठवावा, एवढीच अपेक्षा.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. खाडिलकर तोवर ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’चे लेखक म्हणून गाजलेले होते. ‘कीचकवध’ (१९०७) आणि ‘भाऊबंदकी’ (१९०९) ही गद्य नाटके त्यांनी तिथे दिली होती, आणि ‘कीचकवधा’वर सरकारची बंदी आल्याने त्यांचे नाव घरोघर पोचले होते. असा लेखक गद्य मंडळी सोडून संगीत मंडळीकडे वळला, हीच मुळी त्या काळातली मोठी ‘बदली’ होती. चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांनी केला आणि भामिनी बालगंधर्वांनी. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या अपत्याचा मृत्यू झाला होता आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या वर्षी किर्लोस्कर मंडळी सर्वार्थाने पहिल्या क्रमांकावर होती. पुण्यात तिचे स्वतःचे नाट्यगृह होते.

त्याच वर्षी जोगळेकर वारले. कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती एकवटला, मालकी आणि मान यांवरून धुसफूस वाढली आणि जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे या तिघांनी बाहेर पडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. ताळेबंद मांडला तर एका बाजूला तेहेतीस वर्षांचे नाव, नाट्यगृह, बसलेली घडी आणि ‘सौभद्रा’पासूनचा वारसा, दुसऱ्या बाजूला तीन भागीदार, नवे संसारखाते आणि कर्ज. ‘नाव मोठे तिथे गुरू’ हा मुलांच्या पहिल्या पक्षाचा सिद्धान्त खरा असता, तर पुढची दहा वर्षे किर्लोस्करांची व्हायला हवी होती.

झाले उलट. १९१३ सालचे ‘विद्याहरण’ खाडिलकरांनी किर्लोस्कर मंडळीला दिलेले होते. परंतु १९१६ चे ‘स्वयंवर’ त्यांनी गंधर्व मंडळीला दिले, १९२० चे ‘द्रौपदी’ही तिलाच. या दोन्ही नाटकांचे संगीत केले ते भास्करबुवा बखल्यांनी. बुवांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ते स्वतः लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते. पुढे आवाज फुटला, मंडळी सुटली आणि बडोद्याच्या फैज महंमदखाँपासून नत्थनखाँ व अल्लादियाखाँपर्यंत अनेकांच्या पायाशी बसून ते देशातले अग्रगण्य गवई झाले. म्हणजे किर्लोस्कर मंडळी हे त्यांचे माहेर. तरीही फुटीनंतर त्यांचे मन गेले ते गंधर्व मंडळीकडे.

का? आमच्या मते उत्तर एका साध्या तुलनेत आहे. १९११ साली खाडिलकरांना किर्लोस्कर मंडळीने ओढून घेतले. १९१६ साली गंधर्व मंडळीने. दोन्ही वेळी मंडळीचे नाव वेगळे, मालक वेगळे, पैशाची स्थिती वेगळी. दोन्हीकडे समान असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे नारायणराव राजहंस. लेखकाला आपली रुक्मिणी ज्या गळ्यातून आणि ज्या नजरेतून साकार होईल असे वाटते, तिथे तो जातो. गायनगुरूला आपली पेशकारी जो आत्मसात करून हजार माणसांपुढे नेईल असा शिष्य दिसतो, तिथे तो जातो. भास्करबुवांना मैफली कमी नव्हत्या, खाडिलकरांना वृत्तपत्रसृष्टीत मान कमी नव्हता. पोटासाठी मंडळीच्या दारी जावे अशी दोघांचीही स्थिती नव्हती. अशा माणसाला नाव देऊन बोलावता येत नाही, कारण नाव त्याचे त्याच्यापाशी असते. त्याला फक्त काम देऊन बोलावता येते.

दुसरे कारण मंडळीच्या खर्चाच्या रीतीत आहे. गंधर्व मंडळीने कर्ज काढले, हे तिच्यावरचे नित्याचे दूषण. परंतु कर्ज कशासाठी काढले, तेही पाहावे. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ नाटकाच्या पदांना मिळावी, ही चैन व्यवहारी मालकाला परवडणारी नव्हे. पण गायनगुरूच्या दृष्टीने ती चैन नसून किमान सोय असते. मंडळीने पाट कोणासाठी मांडला आहे, हे येणाऱ्याला दारातूनच दिसते.

येथे एक सावधगिरी विद्यार्थ्यांनी बाळगावी. १९१३ च्या फुटीची कथा आपण ज्यांच्याकडून ऐकतो ते बहुतेक बाहेर पडलेले लोक आहेत. टेंबे आणि बोडस या दोघांनीही आत्मपर लेखन केले, आणि पुढे किर्लोस्कर मंडळी सोडणाऱ्या चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ तर मराठी आत्मचरित्रांत मानाचे पान मिळवून बसले. मुजुमदारही लेखणी धरणारे होते. अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनीच लिहिले. पण आपल्या पक्षाची बाजू वाचकांच्या मनात रुजवण्यात ते मागे पडले. त्यामुळे ‘हेकट मालक आणि दुखावलेले कलावंत’ हे चित्र जसेच्या तसे स्वीकारू नये. फुटीनंतरही किर्लोस्कर मंडळी ओस पडली नव्हती. गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ १९१६ साली तिनेच केले. दीनानाथ मंगेशकर हा तेजस्वी मुलगा तिलाच मिळाला.

मात्र तो टिकला नाही. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ त्या मंडळीकडे गेले, ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीकडे. गडकरी स्वतः जानेवारी १९१९ मध्ये हे जग सोडून गेले होते. पुढे वझेबुवांसारखा गवई ‘रणदुंदुभि’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) यांच्या चाली बांधण्यास बळवंत मंडळीला लाभला, तो दीनानाथांच्या गळ्याकडे पाहूनच, असे आम्हांस वाटते. (धुळ्याच्या वाचकांना सांगायला हवे की दीनानाथांची सासुरवाडी शिरपूर तालुक्यातले थाळनेर.) पाच वर्षांत एकाच घरातून दोनदा शिष्य गेले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मागोमाग गुरू आणि लेखक गेले. किर्लोस्कर मंडळीला शिष्य घडवता येत होते. त्यांना घर आपले वाटेल असे ठेवता आले नाही.

म्हणून गंधर्व मंडळी निर्दोष ठरते काय? नाही. टेंबे लवकरच बाहेर पडून ‘शिवराज’ मंडळी काढते झाले, बोडसही पुढे गेले. तीन भागीदारांचे घर एका माणसाचे झाले. एका शिष्यासाठी जो दरबार भरतो तो त्या शिष्याच्या वयाबरोबर म्हातारा होतो. ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा गेले. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी संगीताची धुरा सांभाळली, ‘कान्होपात्रा’ने (१९३१) यशही दिले, पण १९३५ साली बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले तेव्हा मंडळीचे वैभव आठवणीत जमा झाले होते.

स्पर्धेचा सर्वांत सुंदर क्षण ८ जुलै १९२१ चा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव वारले. त्या रात्री कोण सरस ठरला, हा वाद आजही रंगतो. पण दोन्ही गळ्यांमागे वर्षानुवर्षांची शागिर्दी होती, हे मात्र वाद घालणारे फारसे बोलत नाहीत.

हे सारे आम्ही एवढ्या तपशिलाने का लिहीत आहोत? कारण मुलांचा प्रश्न आमच्याही घरचा आहे. चांगला प्राध्यापक खानदेशात का थांबत नाही, पुण्या-मुंबईकडे का जातो, यावर आमच्या प्राध्यापक कक्षांत वर्षानुवर्षे तेच दोन पक्ष भांडत आहेत : नाव आणि पैसा. जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण वर्षाअखेर दुसरे दार पाहतो, हे खरेच आहे आणि त्याचा दोष त्या तरुणावर टाकणे हा अन्याय आहे. पण आम्ही स्वतःला एक जास्तीचा प्रश्न विचारतो. त्याच्यासाठी आम्ही कोणता पाट मांडला होता? वाचणारे दोन विद्यार्थी, चालते ग्रंथालय आणि आपल्या मनासारखा एक अभ्यासक्रम शिकवण्याची मोकळीक, यांपैकी त्याला काय मिळाले? मुक्कामाला येणाऱ्या मंडळ्यांच्या कौतुकात आमची गावे कधी मागे नव्हती. शिष्य धरून ठेवण्यात मात्र राहिली. मेहबूबखाँपाशी बसलेला मुलगा मिरजेला जाऊन शकुंतला झाला, याचा अभिमान आहेच. पण तो जळगावात का होऊ शकला नसता, हेही कधी तरी विचारावे.

शेवटी एक नोंद. भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापला. किर्लोस्कर मंडळी गेली, गंधर्व मंडळी गेली, बळवंत मंडळी गेली. तो समाज अजून आहे आणि तिथे अजून गाणे शिकवले जाते. मुलांनी विचारले होते, दोघांपैकी गुरू कोणाकडे जाईल. शिष्य जिकडे असेल तिकडे, हे आमचे उत्तर. आणि गुरू गेल्यावरही जिथे शिष्य येत राहतील असे घर बांधता आले, तर कोणती मंडळी जिंकली हे विचारण्याचे कारणच उरत नाही.