ठरावाच्या आधीची दहा वर्षे

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. शरद पवारांचे मंत्रिमंडळ येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. ठरावाची बातमी पसरली आणि मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत, विशेषतः नांदेड-परभणीच्या खेड्यांत, दलित वस्त्या पेटू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत जमावाने पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला. ठरावाची अंमलबजावणी थांबली, ती थेट १४ जानेवारी १९९४पर्यंत.

या साडेपंधरा वर्षांचा राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे: मोर्चे, तुरुंगवास, जोगेंद्र कवाडे यांचा १९७९चा दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च, नांदेडच्या गौतम वाघमारे यांचे १९९३मधले आत्मदहन. मला दुसरी एक गोष्ट तपासायची आहे. घरे जळत होती त्या काळात माणसांना उभे राहण्याचे बळ देणारे लेखन कुठून आले, आणि कधी आले? यातला ‘कधी’ फार महत्त्वाचा आहे.

पडेगावकडून शहरात शिरताना छावणी लागते आणि छावणीच्या अंगाला नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत जून १९५०मध्ये सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद ही नावे बाबासाहेबांनी दिली, ती पाली ग्रंथातल्या भिक्षूची आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या राजाची. महाविद्यालय सुरू झाले तेव्हा निजामी राजवट संपून जेमतेम दोन वर्षे होत होती. ज्या मुलांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, ती मुले खेड्यांतून इथे येऊन वसतिगृहात राहू लागली. त्यांच्यासमोर प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या उपस्थितीत. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे अनेक जण आरंभ इथून धरतात.

पुढची कागदावरची खूण १९६७-६८ची. मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे, मूळचे नागपूरचे गंगाधर पानतावणे यांनी आधी ‘अस्मिता’ आणि लगेच ‘अस्मितादर्श’ या नावाने नियतकालिक काढले. याच माणसाने पुढे बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर संशोधन केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२०चा ‘मूकनायक’, १९२७चे ‘बहिष्कृत भारत’, १९३०चा ‘जनता’ ही पत्रे पैशांअभावी कशी अडखळत चालली, हे पानतावण्यांना नेमके ठाऊक होते. तरीही त्यांनी आपले नियतकालिक आयुष्यभर चालवले. मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांचे लेखन आपल्याकडच्या तरुणांनी वाचावे, असा त्यांचा आग्रह होता. जनार्दन वाघमारे यांनी तोच विषय मराठीत विस्ताराने मांडला, आणि त्यांचे ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक आले तेही १९७८मध्येच. आपले दुःख आपल्या गावापुरते नाही, सातासमुद्रापलीकडे कुणी ते आपल्या भाषेत मांडून ताठ उभे राहिले आहे, हे कळण्यानेही माणसाला धीर येतो.

आता १९७८-७९ची पुस्तके घेऊ. दया पवारांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८च्या डिसेंबरात प्रकाशित केले. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९मध्ये औरंगाबादहूनच निघाले. सोनकांबळे मराठवाड्यातले, नागसेनवनात शिकवणारे. आईबापाविना बहिणीच्या आधाराने वाढलेल्या मुलाची भूक त्यांनी आवाज न चढवता लिहिली. तारखा शेजारी ठेवल्या की जुलैमध्ये दंगल, डिसेंबरात एक आत्मकथन, पुढच्या वर्षी दुसरे, अशी ओळ दिसते. दंगलीला साहित्याने दिलेले हे उत्तर होते, असे म्हणण्याचा मोह त्यामुळे होतो.

तारखा तसे म्हणू देत नाहीत. सोनकांबळ्यांच्या पुस्तकातले काही लेखन त्याआधीच ‘अस्मितादर्श’मध्ये आले होते. ‘बलुतं’सारखे पुस्तकही चार-पाच महिन्यांत उमलत नाही. त्यामागची वाट जुनी आहे: पवारांचा कवितासंग्रह ‘कोंडवाडा’ १९७४चा, त्याच्या आधी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा, आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ तर १९६३चा. म्हणजे ही पुस्तके दंगलीमुळे जन्मली नाहीत. दंगल झाली तेव्हा ती लिहून होत आली होती. मला यातच मोठी आशा दिसते. संकटाच्या दिवशी लागणारे धैर्य संकटाच्या दिवशी तयार होत नाही. ते दहा-वीस वर्षे आधी, वर्गणी गोळा करत आणि मुद्रिते तपासत, कुणीतरी तयार करत असते. १९७८च्या ऑगस्टमध्ये गावातून परागंदा होऊन शहरात आलेल्या तरुणाला आपल्यासारख्याच माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर वाचायला मिळू शकत होता. त्याच्या वीस वर्षे आधी तो मिळणे फार अवघड होते.

दुसऱ्या प्रकारचे कागदही आहेत. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून केलेला दंगलीचा अहवाल मे १९७९मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. विद्यापीठाच्या नावामागे दडलेली कारणे त्यात शोधली आहेत: गायरान जमिनी, मजुरी, गावकीची कामे नाकारण्याचे धाडस. अहवाल आणि आत्मकथन एकत्र वाचायला हवीत. कुणाचे काय जळाले हे अहवालातून कळते. ज्याचे जळाले तो माणूस कोण होता, शाळेत तो कुठे बसायचा, पहिले पुस्तक त्याच्या हाती कसे पडले, हे आत्मकथनातून कळते.

या इतिहासात एक अवघड जागा आहे. तिला वळसा घालून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. दलित साहित्याची प्रेरणा आणि दिशा यांवरची गाजलेली चर्चा १९६९ साली छापली ती दैनिक ‘मराठवाडा’च्या दिवाळी अंकाने. संपादक होते अनंत भालेराव: निजामाविरुद्ध लढलेले, पुढे आणीबाणीत तुरुंगात गेलेले. याच भालेरावांनी, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातले त्यांचे ज्येष्ठ सहकारी गोविंदभाई श्रॉफ यांनी, नामांतराला विरोध केला. मराठवाडा हे नाव आमच्या लढ्याची ओळख आहे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा. त्यांच्या त्यागाविषयी मला शंका नाही. पण ज्या खेड्यांतल्या माणसांना हा लढा मुक्ती देणार होता त्यांच्या झोपड्या पेटल्या असताना हा युक्तिवाद तोकडा पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगले साहित्य छापणे आणि त्याने आपल्याला बदलू देणे यांत अंतर असते. ते अंतर इथे कागदोपत्री दिसते.

आणखी एक नोंद याला जोडून पाहावी. शंकरराव खरात १९७५ ते १९७७ या काळात याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. आटपाडीच्या महारवाड्यात वाढलेला लेखक कुलगुरूच्या खुर्चीत बसला तेव्हा मराठवाडा पेटला नाही. बाबासाहेबांचे नाव कमानीवर येणार म्हटल्यावर पेटला. एकट्या माणसाचे वर येणे समाजाने सोसले. पण नावाबरोबर हजारोंचा हक्क येतो, हे विरोधकांनाही पक्के कळले होते. खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१मध्ये आले.

‘अस्मितादर्श’ नामांतराच्या साऱ्या वर्षांत चालू राहिला. त्याचे लेखक-वाचक मेळावे भरत राहिले आणि खेड्यांतले शिक्षक, कारकून, विद्यार्थी आपल्या वह्या घेऊन तिथे येत राहिले. पानतावणे २००९मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथील पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०१८च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते औरंगाबादेत वारले.

एक काम मात्र व्हायला हवे. १९६८ ते १९९४ या काळातले ‘अस्मितादर्श’चे अंक आणि त्याच काळातल्या दैनिक ‘मराठवाडा’च्या फायली कुणा अभ्यासकाने तारीखवार शेजारी ठेवून वाचाव्यात. कोणत्या महिन्यात कोण काय लिहीत होते, कोण गप्प होते, आणि कुणाची पहिली कविता कोणत्या अंकात आली, याची यादी करावी. बहुतेक नावे आज कुणाला आठवणार नाहीत. ती यादीत यायला हवीत.